हर्षवर्धन सरांची नक्कल

वरळी, ८ जानेवारी

ति. चंपाआत्यास, संघमित्राचा सविनय जय भीम वि. वि.

मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस, असं पप्पा म्हणाले. फोन कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली आईच्या कमरेला. मुख्य परीक्षेला चार महिने उरलेत आणि हा माझा शेवटचा प्रयत्न. या खेपेला नाही झालं, तर पप्पांनी माझगावच्या एका गोदामात माझ्यासाठी नोकरी बोलून ठेवली आहे. तेव्हा आता पत्रंच.

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेतले हर्षवर्धन सर गेल्या वर्षी उपजिल्हाधिकारी झाले. त्यांच्या सत्काराचं भाषण मी वहीत शब्द न् शब्द उतरवून घेतलं होतं. आता तसंच वागते आहे. त्यांनी फोन सोडला, मी सोडला. ते कोरा चहा प्यायचे, मीही पिते, तोंड वाकडं करून. ते भिंतीकडे तोंड करून बसायचे, मी त्यांचीच खुर्ची धरली आहे. त्यांच्या गळ्यात मफलर असायचा, मी अभयदादाचा ढापला, उकडतं फार. त्यांनी दाढीही वाढवली होती, ते कलम मी सोडून दिलं.

त्यांची आई आता तुझ्या खालच्या मजल्यावर, धाकट्या मुलाकडे राहते ना? आणखी एखादं गुपित काढून दे. लोभ आहेच, तो परीक्षेपर्यंत जरा वाढव.

तुझी,
संघमित्रा

*

अँटॉप हिल, १४ जानेवारी

चि. संघमित्रास, आत्याचे पोटभर आशीर्वाद आणि जय भीम.

गुपितं काढायचं काम योग्य माणसाला दिलंस. मेथी निवडायच्या निमित्ताने खाली हर्षवर्धनच्या आईकडे, शांतावहिनींकडे, जाऊन बसले आणि तुझी वही एकेक करून वाचून दाखवली. बाई हसून हसून लाल झाल्या.

फोन त्याने सोडला नव्हता, पाण्याच्या पिंपात पडला होता. दुधाने त्याच्या पोटात गुडगुड व्हायची, म्हणून कोरा चहा. मफलर गालगुंड झालं तेव्हाचा. आणि भिंतीकडे तोंड अशासाठी, की समोरच्या खिडकीत अपूर्वा बसायची आणि साहेबांचं पान उलटत नसे. ती आता वहिनींची थोरली सून आहे. तू कुणापासून तोंड लपवतेस, ते मला खासगीत कळव.

मग मी विचारलं, पोरगा पास झाला तरी कसा? तर म्हणाल्या, रोज संध्याकाळी त्या भाकऱ्या थापायच्या आणि हा शेजारी बसून स्वतः लिहिलेलं उत्तर वाचून दाखवायचा. चौथी शिकलेली बाई. कळलं नाही की त्यांचा हात थांबायचा. हात थांबला की हा ते वाक्य खोडून पुन्हा लिहायचा. दोन वर्षं हेच. सांगता सांगता वहिनींचे डोळे भरले, कारण सत्काराच्या भाषणात हे कुठेच नव्हतं. मला त्या मुलाचा राग आला बघ.

तेव्हा मफलर दादाला परत कर आणि तुझी उत्तरं मला पाठव. मी सातवी शिकले आहे, म्हणजे शांतावहिनींपेक्षा तीन यत्ता वर. तुझे शामरावकाका आशीर्वाद देतात आणि चहात दूध घाल म्हणतात.

तुझी आत्या,
चंपा

*

वरळी, २० जानेवारी

ति. आत्यास, सविनय जय भीम.

दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. वर्षभराची माझी तपश्चर्या तू मेथीबरोबर निवडून टाकलीस. पण मला शहाणपण रात्रीपेक्षा सकाळी सुचतं. सोबत शहरातल्या पाणीपुरवठ्यावरचं उत्तर पाठवते आहे. अभ्यासिकेत सगळ्यांना आवडलं, त्यामुळे फार काही सापडणार नाही.

संघमित्रा

*

अँटॉप हिल, २४ जानेवारी

चि. संघमित्रास, आशीर्वाद.

पहिल्या वाक्यात मला तीनदा श्वास घ्यावा लागला. ‘प्रभावी अंमलबजावणी’ पाच वेळा आली, नळ एकदाही आला नाही. तुझी आजी चाळीच्या नळावर पहाटे रांगेत उभी राहायची, तिला हे वाचून पाणी कुठून येतं ते कळलं असतं का? मला कळलं नाही. लाल पेनाने खुणा केल्या आहेत. रडू नकोस, पुन्हा लिही.

आत्या

*

वरळी, २७ नोव्हेंबर

ति. आत्यास, नायब तहसीलदार संघमित्राचा सविनय जय भीम!

निकाल फोनवर सांगितला तेव्हा तू नुसती रडलीस, म्हणून नीट लिहून कळवते. पप्पांनी गोदामवाल्याला स्वतः जाऊन नको म्हणून सांगितलं आणि पेढे देऊन आले.

काल विहारात माझा सत्कार झाला. मी शिस्त, चिकाटी असं छान भाषण लिहून नेलं होतं. पण उभी राहिले आणि पुढच्या रांगेतल्या मुली वह्या उघडून बसलेल्या दिसल्या. कागद घडी करून ठेवला आणि खरं तेच सांगितलं: माझी त्रेसष्ट उत्तरं सातवी शिकलेल्या माझ्या आत्याने तपासली, त्यातली चाळीस मला पुन्हा लिहावी लागली, आणि तिच्याशिवाय मी पास झाले नसते.

एक घोळ मात्र झाला. भाषण संपल्यावर अकरा जणींनी मला घेरलं. मी परोपरीने सांगितलं की घरातलं कुणीही चालेल, आपापल्या आईला नाहीतर आजीला वाचून दाखवा. पण त्यांचं एकच म्हणणं, मॅडमना जी आत्या लागू पडली तीच आम्हाला पाहिजे. शेवटी मी पत्ता दिला.

अकरा पाकिटं शनिवारपर्यंत पोचतील. चष्म्याचा नंबर तेवढा तपासून घे.

तुझ्या लाल पेनाची,
संघमित्रा