अब्बांचं पूर्ण होणं

अब्बा,

मराठीत लिहितेय. माझी उर्दू कच्चीच राहिली आणि तुम्हाला मराठी वाचता येत नव्हती. म्हणजे हे तुमच्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नाही.

देवळाली कॅम्पच्या बाजारात तुम्ही जवानांच्या वर्द्या शिवायचात आणि गुरुवारी मुर्शिदांपाशी, तुमच्या सूफी गुरूंपाशी, जाऊन बसायचात. तिथून एक शब्द घरी आणलात, इन्सान-ए-कामिल. ज्याच्यातला 'मी' पार गळून गेला, ज्याच्या काळजात फक्त अल्लाह उरला, असा पूर्ण माणूस. तुम्हाला तसं व्हायचं होतं. आधी राग सोडलात, मग आवडनिवड. एकदा डाळीत मीठच नव्हतं, तरी तुम्ही मुकाट्यानं पुन्हा वाढून घेतलीत. अम्मी शेवटी जेवायला बसली तेव्हा तिला कळलं. "बोलने का ना!" ती चिडली. तुम्ही नुसते हसलात. अशा माणसाशी धड भांडताही येत नाही हो.

मग माझा भाई गेला. पिंपळगावहून द्राक्षांचा टेम्पो घेऊन निघाला होता, हायवेवर उलटला. त्याला शेवटची आंघोळ तुम्हीच घातलीत. अम्मीनं हंबरडा फोडला तर तिच्या तोंडावर हात ठेवलात. "रोने का नहीं. जिसकी अमानत थी, वो ले गया." ती गप्प झाली आणि गप्पच राहिली. लोक तुमच्या सब्राचं कौतुक करत होते. मला तुमचा तिरस्कार वाटत होता.

तिसऱ्या दिवशी मुर्शिद घरी आले. तुम्ही मान खाली घालून समोर बसलात, शाबासकीची वाट बघत असाल. मी चहा घेऊन दारात उभी आहे. ते म्हणतात, "नबी अपने बच्चे को गोद में लेके रोये थे. तू उनसे भी आगे निकल गया?" तुमचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो. ज्या पैगंबरांसारखं पूर्ण व्हायला तुम्ही निघाला होतात, ते रडले होते.

त्यानंतर तुम्ही रडायचा प्रयत्न केलात. पहाटेच्या नमाजनंतर भाईचा शर्ट मांडीवर घेऊन बसायचात. डोळे कोरडेच. वर्षानुवर्षं हेच चाललं. मला कीव यायची, पण जवळ येऊन बसावंसं वाटलं नाही. कारण अम्मीला 'आता रड' असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत.

तुम्ही गेलात त्या दुपारी ती रडली, थांबेचना. बायका म्हणाल्या, नवऱ्यावर फार जीव होता. तिला मी धरून बसले होते, तिच्या तोंडी भाईचं नाव होतं. खोटं कशाला लिहू, अब्बा, मला बरं वाटत होतं.