गुरुवारच्या पेट्या

पामर्स्टन नॉर्थ
१४ जुलै २००६

प्रिय कांचनताई,

साष्टांग नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा कागदावरूनच.

तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, असं तुझ्या अभिनवने कळवलं. आता दिसतंय, तर हे पत्र स्वतः वाच. सुनेकडून वाचून घेऊ नकोस.

इथे जुलैत ऐन हिवाळा, थंडीने जीव नकोसा केलाय. शंतनू आणि गार्गी दिवसभर कामावर, आणि सुखदाला मराठीत काही विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते. आजी घरात बसून कुरकुरते, म्हणून सूनबाईंनी मला गुरुवारच्या एका मंडळात नेऊन घातलं. म्हाताऱ्या बायका पुठ्ठ्याच्या पेट्या रंगवतात, आतून कापड लावतात आणि हॉस्पिटलला देतात. एकीलाही सरळ रेघ येत नाही! जिकडेतिकडे पिवळी बदकं. आणि त्यांची म्होरकी बेव्हर्ली, तिला सगळंच ‘स्वीट अ‍ॅज’, म्हणजे एकदम झकास. डिंक कडेने ओघळला तरी स्वीट अ‍ॅज. आपल्या शाळेतल्या सिस्टर अ‍ॅग्नेसने बोटांवर पट्टी ओढली असती.

मी बदकांना साफ नकार दिला. जाईची वेल काढली आणि आतून माझ्या जुन्या लुगड्याचं धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड लावलं. काल बेव्हर्ली म्हणाली, “झाकण कोरं ठेव हं. नाव आईबाप घालतात.”

“कुणाचं नाव?”

“बाळाचं. जे घरी जात नाही, त्याचं.”

ताई, इथे पोटात गेलेलं मूलसुद्धा आईच्या मांडीवर देतात. अंघोळ घालतात. पावलांचे ठसे घेतात, केसांची बट कापतात आणि त्या पेटीत घालून आईबरोबर घरी पाठवतात. मला इतका संताप आला! बेव्हर्लीला वाटलं, अजून बदकांचाच. “बरं बाई, वेल तर वेल,” म्हणाली.

घरी येऊन गार्गीवर ओरडले. ती म्हणाली, “आई, मला वाटलं तुम्हाला चित्रकलेची आवड आहे.” तिचं तरी काय चुकलं? शंतनूलाच माहीत नाही की त्याच्याआधी कुणी होतं.

तूच सगळ्यांना गप्प केलंस. “बघू नकोस मनू, बघितलंस तर विसरता येणार नाही,” म्हणालीस आणि तिला दुपट्यात गुंडाळून बाहेर नेलंस. न बघताही विसरता आलं नाही, ताई. आणि इतक्या वर्षांत मी विषय काढला की तू मला भाजीचे भाव सांगतेस!

ती पेटी मी बेव्हर्लीला दिली नाही. दुसरी करून देईन म्हटलं. झाकणावर मी नाव लिहिलंय. ते तुला कळवणार नाही, तेवढं माझ्याकडेच राहू दे. पण आत ठेवायला माझ्यापाशी काही नाही. आई गेली, सुईण गेली, ह्यांनी तर तोंडही पाहिलं नव्हतं. तिला पाहिलेली तू एकटी उरलीस.

तर लिही. केस होते का? रंग कुणाचा? मुठी मिटलेल्या होत्या की उघड्या? माझी समजूत घालणारं काही लिहू नकोस, त्याचा मला वीट आलाय. जे पाहिलंस तेवढंच लिही.

तुझी धाकटी बहीण, आणि दोन मुलांची आई,
मनोरमा