गेरूची फुली

हो गुरुजी, वाळूतच ठेवला. आंगनाच्या पार टोकाले, गोठ्यापासून दूर, तणसाच्या ढिगापासून तर लयच दूर. माह्या मोबाईलची बॅटरी फुगली, मागचं झाकण उचलून आलं, जसं जेवण जास्त झाल्यावर सदऱ्याचं बटण सुटते. शेजारची धावत आली, म्हणे, "मावशी, सुई टोच, हवा निघून जाईल." मी म्हणलं, "तुह्या नवऱ्याचं पोट फुगते तवा सुई टोचतं का वं?" मंग बाजारातल्या दुकानवाल्याकडे गेली, तर तो बाप्पा अंगठ्यानं दाबून पाहे. "बसते मावशी, दाबून टेप मारतो." मी त्याच्या हातातून हिसकूनच घेतला. दहा लोकाईसमोर तुमचा पाढा म्हणून दाखवला. दाबायची नाई, टोचायची नाई, चार्जिंगले लावायची नाई, घरात ठेवायची नाई. तो म्हणे, "कोण्या कॉलेजात शिकली, मावशी?" मी म्हणलं, "चौथी पास हावो."

चौथीपर्यंत तुम्हीच शिकवलं. तुम्ही रिटायर झाले तवा गावाले वाटलं, आता पारावर बसून तंबाखू चोळतीन. तर तुम्ही थर्माकोल कापून विमानं करू लागले. पंखाले भुरा रंग, तोंडाले चोच, लांबून पाह्यलं तर अस्सल घार. आंगनातून रिमोट दाबला का विमान धानाच्या बांध्याईवर, वावरावर गरगर फिरे आन् पोपटाचे थवेच्या थवे उडून जात. सारं गाव हासे, आन् सगळ्यात जास्त मी. मी तवा रांडमुंड होऊन पाच वर्षं झाली होती, गुरुजीनबाई पण गेल्या होत्या, म्हणून तुमचा डबा माह्या घरून येई. चाळीशीच्या बाईले 'पोरी' म्हणणारे गावात तुम्ही एकटेच उरले होते.

तुमच्या आंगनातलं ते दुकान अजून डोळ्यासमोर हाये. वाळू पसरलेली, वाळूवर छपराचं कवेलू, कवेलूवर बॅटरी चार्जिंगले, आन् बाजूले स्टुलावर तुम्ही. बॅटरी चार्जिंगले असली का तुम्ही मुतालेही उठत नव्हते, खोटं नाई सांगत. मी डबा ठेवून म्हणावं, "गुरुजी, अंड्यावर कोंबडी बसते तसे बसले." तुम्ही हासत नव्हते. "पोरी, ही पुडीत बांधलेली आग आहे. हिच्यापाशी मस्करी चालत नाई." मंग डबा उघडायच्या आधी माही परीक्षा. "पडली तर?" "बाहेर ठेवून वाट पाहाची." "फुगली तर?" मी म्हणावं, "फुगली तर सातव्या महिन्यात डोहाळजेवण." तुम्ही छडी शोधाले लागत. छडी कुठची, रिटायर होऊन जमाना झालता.

त्या साली माहं धान दुधात आलं होतं. हलकं धान, लवकर भरते, म्हणून पोपट पहिले माह्याच दोन बांध्याईवर पडत. तुमच्यापाशी तीन बॅटऱ्या होत्या. एक दिवस विमान मोहाच्या झाडाले धडकलं आन् बांधावर नाकाडावर आपटलं. एका बॅटरीचा कोपरा चेपला. तुम्ही ती दुरून काडीनं हालवली, लय वेळ आंगनात ठेवली, आन् दुसऱ्या दिवशी ती टम्म फुगली. तुम्ही गेरूत बोट बुडवून तिच्यावर लाल फुली मारली आन् वाळूच्या गाडग्यात पुरून गाडगं कुंपणाच्या कुडाबाहेर ठेवलं. नागपूरले जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे न्यायची होती. उरल्या दोन. दोन बॅटऱ्याईत सकाळची तुमची आन् तुमच्या भावाची बांधी होई, माह्या बांधीवर यायच्या आधी विमान खाली. मी म्हणलं, "माह्या पोपटाईनं काय उपास धरावा का?" तुम्ही म्हणाले, "नवी बॅटरी आली की पहिलं तुझ्या धानावर. आठ दिवस थांब." आठ दिवसात दाण्याचं फोलपट होते, गुरुजी. तुम्ही मास्तर, तुमाले पेन्शन. मी काई बोलली नाई. नाई बोलली, हेच वाईट झालं.

मंग ती सकाळ. मी कुडापाशी उभी हावो, हातात डबा. तुम्ही स्टुलावर. कवेलूवरच्या बॅटरीतून पहिले बारीक पांढरी रेघ निघते, अगरबत्तीसारखी. तुम्ही "पोरी, मांगं हो!" म्हणून वरडता, आन् फस्सकन जाळ निघते, जसा का जमिनीतूनच आला. विमान तिथंच बाजूले टेकवलं होतं. वाळूची टोपली पायापाशी होती, पर तुम्ही आधी विमान उचलाले हात घातला. पंख तुमच्या हातातच वितळून चिकटला. मंग डाव्या हातानं वाळू टाकली तुम्ही. घर वाचलं, तणस वाचली, तुमच्या पाढ्यानं सगळं वाचलं. उजवा हात तेवढा गेला.

लोकं जमले. मी तुमच्या हातावर पाणी टाकून राह्यली होती. तुम्ही एकाले गाडगं उकरून पाहाले लावलं. रिकामं निघालं. तुमचं तोंड असं झालं जसं कोणी भर वर्गात तुमालेच बाकावर उभं केलं. म्हणाले, "फुगलेलीच लावली मी. खूण करायची विसरलो. फुली मारली असं वाटते मले, पर मारली नाई."

त्यानंतर रिमोट पेटीत गेला तो गेलाच. तुम्ही चिठ्ठ्या लिहू लागले, डाव्या हातानं, पहिलीतल्या लेकरासारख्या अक्षरात. 'गॅस बंद केला.' 'गोळी घेतली.' साऱ्या गावाचे पाढे घेणारा माणूस मले विचारे, "पोरी, मी जेवलो ना?" आन् मी, जीभ झडो माही, म्हणे, "दोनदा जेवले, तिसऱ्यांदा वाढू का?" तुम्ही हासत. दोन हिवाळे असेच काढले. गेले तवा सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी निघाली, 'वाळूचं गाडगं पाहणे.' ती मीच काढून घेतली. पापडाच्या डब्यात ठेवली हाये.

आता गावात कोणाचाही मोबाईल फुगला का माह्याकडे आणते. लोकं म्हणतात, गुरुजीची खरी चेली. मी मान हालवते, आन् आंगनाच्या टोकाले गाडग्यात वाळू भरते. हे पत्र कोण्या पेटीत टाकू, ना तुमचा पत्ता, ना माही हिंमत. चुलीत जाईल. पर लिहाले बसली तर पुरंच लिहिते.

फुली तुम्ही मारली होती. गाडग्यातून बॅटरी मी काढली. आमच्या घरी वाकडे पापड पाट्याखाली ठेवतात, तशी दोन दिवस पाट्याखाली ठेवली. बसली. ओल्या फडक्यानं फुली पुसली आन् डबा द्यायले आली तवा चांगल्या दोघीसंग ठेवून देल्ली, माह्या धानावर एक चक्कर व्हावी म्हणून. तुम्ही तीन पाहून थबकले. मले विचारलं, "पोरी, ही तर मी वाळूत पुरली होती ना?" मी हासली आन् म्हणलं, "ती वायली, दुसरीच, गुरुजी. आताशा तुम्ही लय विसरता."

तुम्ही काईच विसरले नव्हते.