फुग्यात न मावलेलं

रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी मजेत आहोत, तुम्हीही सगळे मजेत असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तू मजेत नाहीस हे वहिनीकडून कळलंय. आणि मी तुझे फोन घेत नाहीये, त्यावरून माझं काय ते समज.

आईचा गुडघा जिना चढू देतो, उतरताना कुरकुरतो. मोरीचा नळ गळायचा थांबला. मला एका शाळेच्या प्रमाणपत्रांवर नावं लिहायचं काम मिळालंय. मुलांची नावं हल्ली फार लांब असतात, आणि ती कापता येत नाहीत.

वहिनी सांगत होती, तू जेवताना मोबाईल पाण्याच्या भांड्याला टेकवून उभा करतोस आणि लोकांच्या शिव्या वाचतोस. एक घास, एक शिवी. कंपनीने तुला बजावलंय म्हणे, की पुढच्या अंकानंतरही वाचकांची ओरड थांबली नाही, तर आपली खिडकीबाईची चित्रकथा तुझ्याकडून निघून त्यांच्या पगारी लेखकांकडे जाईल. शुक्रवारी स्क्रिप्ट द्यायचं आहे आणि तू एक ओळ लिहून चार खोडतोयस. नेमकं काय बिघडलं तेच कळत नाही, असं तू तिला म्हणालास. म्हणून हे पत्र. फोनवर मी आधी भांडले असते, मग रडले असते, आणि मुद्द्याचं राहून गेलं असतं.

आधी त्या चाहत्यांचं सांगते, कारण त्यांच्यावरही मी वैतागले आहे. स्टेशनातल्या हरवले-सापडलेच्या खिडकीत बसणारी एक जाडी, चष्मेवाली बाई. असलं कोण वाचणार, असं आपल्या प्रकाशनाचे मालक तेव्हा म्हणाले होते. आता त्याच बाईसाठी जग पेटलंय. सिनेमागृहं, वाहिन्या, खेळण्यांचे कारखाने असलेल्या कंपनीने आपलं दोन खोल्यांचं प्रकाशन विकत घेतलं, त्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या फोटोंच्या जागी काळे चौकोन लावले. अंक घेणार नाही अशा शपथा घेतल्या. मग प्रत्येकाने दोन-दोन घेतले, एक वाचायला आणि एक फाडतानाचा व्हिडिओ काढायला. कुणी म्हणतं बाईला आता बारीक करणार, कुणी म्हणतं तिला उडायला लावणार. एकाने तर छातीठोकपणे लिहिलंय की खरा लेखक केव्हाच वारला आणि कंपनी ते लपवतेय. आईला हे वाचून दाखवायला नको होतं. तिने दिवसभर माझ्याशी अबोला धरला, जणू मीच तुला मारलं.

आणि वस्तू. कंपनीच्या पत्त्यावर लोक एकेकटे बूट, हातमोजे, मोडक्या छत्र्या पाठवतायत, आणि प्रत्येकाला चिठ्ठी: ‘हरवली आहे: आमची खिडकीबाई. सापडल्यास परत करावी.’ तिथल्या दरवानाला एक अख्खी खोली रिकामी करून द्यावी लागली म्हणे.

गेल्या शनिवारी मी तिथे गेले होते. आईला सांगितलं, शाई आणायला जाते. काचेची उंच इमारत, पायऱ्यांवर छत्र्यांचा ढीग आणि शे-दीडशे पोरंपोरी. निम्म्यांच्या सदऱ्यांवर खिडकीबाईचं तेच वाक्य, ‘छत्रीच ना?’ एका मुलीने माझ्याही हातात एक छत्री दिली आणि सरकून बसायला जागा केली.

“काकू, तुम्हीपण वाचता?”

थोडंफार, असं मी म्हटलं. तिने नवा अंक काढून अकरावं पान उघडलं.

“हे बघा. अक्षर तेच ठेवलंय, म्हणजे आपण फसू. पण बोलतंय कोण? आमची बाई एवढं बोलतच नाही.”

लेखक तर तोच आहे, मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण आजारी माणसाला बरा दिसतोस म्हणताना पाहतो.

“नाव तेच आहे हो, काकू. खरा लेखक दोन शब्दांत संपवायचा.”

दादा, तू आयुष्यात कधी दोन शब्दांत काही संपवलं आहेस? आई म्हणते, लहानपणी तुला साबण आणायला पाठवलं, तर परत आल्यावर तू आधी रस्ता सांगायचास, मग दुकानदाराची तब्येत, आणि साबण संपला होता हे सगळ्यात शेवटी.

आता जे इतकी वर्षं बोलले नाही ते लिहिते. तिसरा अंक आठव. एक म्हातारा छत्री शोधत खिडकीशी येतो. तू बाईच्या तोंडी लिहिलं होतंस की हरवलेली वस्तू परत मिळते तेव्हा ती तीच राहिलेली नसते, कारण मधल्या काळात आपण तिच्यावाचून जगायला शिकलेलो असतो, म्हणून शांतपणे आठवून सांगा की तुम्हाला खरोखर काय परत हवं आहे. आणि आपल्या चित्रकाराने, लांबूने, छत आणि गज यांच्यामध्ये संवादाच्या फुग्यासाठी जागा ठेवली होती बोटाच्या पेराएवढी. तू सतरंजी विणायचास आणि तो पाट मांडायचा. फुग्यांत अक्षरं लिहायचं काम माझं, म्हणून मी तुला विचारायला आले, तर तू छपाईवाल्याशी हुज्जत घालत होतास. मान वर न करता म्हणालास, “बसव गं तू.”

मी बसवलं. ‘नीट आठवा. छत्रीच ना?’

त्यानंतर दर अंकाला, दर पानाला मी बसवतच आले. छापून आलेला अंक तू उघडत नाहीस, चूक दिसली तर झोप उडते म्हणून. तुझ्या पलंगाखालच्या गठ्ठ्यांची सुतळीसुद्धा सुटलेली नाही, वहिनी तिथे झाडू घालताना दरवेळी करवादते. वर्धापनदिनाला सभागृहभर पोरं ‘छत्रीच ना?’ ओरडत होती, तेव्हा तू माइकवर कौतुकाने म्हणालास की वाचक आपल्या सोयीने लहान करून लक्षात ठेवतात. मी मागे खुर्च्या लावत होते. खूप हसले. घरी येईपर्यंत हसू पुरलं नाही.

चोरून काही केलं नाही मी. तूच सांगितलं होतंस, आणि तुझी सतरंजी नसती तर कापायला माझ्याकडे काय होतं? पण मला वाटायचं, एक दिवस तू एखादा अंक उघडशील आणि माझ्या टेबलाशी येऊन विचारशील, हे कुणी केलं? रागाने विचारलं असतंस तरी चाललं असतं. मी त्याची वाट पाहत होते, आणि आलास तो कंपनीच्या त्या तंत्रज्ञाला घेऊन. याला सगळी अक्षरं एकदा लिहून दे, नोंद म्हणून, असं म्हणालास. मी लिहून दिली, जोडाक्षरांसकट. त्याला विचारलं, ‘ळ’ कुठला देऊ, ओळीच्या शेवटी माझा वेगळा पडतो. तो म्हणाला, एक पुरे. पुढच्या महिन्यात मला कळलं की माझ्या अक्षराचा फाँट झाला, आणि होकार तू कधीच देऊन बसला होतास. प्रकाशनातलं, बेसिनजवळचं माझं टेबल त्याच आठवड्यात उचललं गेलं.

तर तुझं उत्तर हे. काहीच बिघडलेलं नाही. कंपनीने तुझा एक शब्द बदललेला नाही. फाँट हवा तेवढा बारीक होतो, तो कुणाला विचारायला येत नाही. तू लिहिलेलं पहिल्यांदा जसंच्या तसं छापलं गेलं आणि लोक म्हणाले, हा तो नव्हेच.

हे असं तुला तोंडावर फेकावं, असं त्या पायऱ्यांवर बसून ठरवत होते. मग त्या मुलीच्या मांडीवरचं अकरावं पान वाचलं. एक माणूस खिडकीशी येतो आणि बहिणीचं पेन हरवलं अशी तक्रार लिहा म्हणतो. आणि बाई त्याला म्हणते:

“हरवलं म्हणू नका. ते पेन तुमच्या बहिणीचं होतं आणि तुम्ही ते दुसऱ्याला देऊन टाकलंत. विचारलं तर ती नाही म्हणेल, ही भीती होती म्हणून विचारलं नाहीत. आता तिची जागा रिकामी दिसते तेव्हा तुम्हाला पेन आठवतं. ते इथे नाही, आणि सापडलं तरी कुणाच्या कामाचं नाही. ते कसं धरायचं हे फक्त तिच्या बोटांना माहीत होतं.”

“निबंध,” ती मुलगी म्हणाली. मी म्हटलं, हो, लांबलंय खरं. आणि छत्री उघडून तिच्याआड बसले. उन्हासाठी, असं तिला वाटलं असेल.

घरी परतताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं, की मी ते मनातल्या मनात कापूनही टाकलं होतं. ‘विचारलं होतंत तिला?’ पेराएवढ्या जागेत आरामात बसतं. मी टेबलाशी असते तर तेवढंच छापलं गेलं असतं, लोकांनी त्याचे सदरे केले असते, आणि तू माझ्याशी बोललास हे मला कधी कळलंच नसतं.

मग भीती वाटायला लागली. बाबा गेले त्या वर्षी तू घड्याळाचा अंक लिहिलास. खिडकीत वडिलांचं घड्याळ न्यायला मुलगा येतो. त्यातला बाईचा फुगा मी लिहिला, ‘चालू आहे अजून.’ लोक त्यावर रडले. आजही कुणीतरी ते कुठेतरी चिकटवतं. पण मूळ कागदावर तू काय लिहिलं होतंस? भरपूर होतं, अर्धं पान असेल. आठवायचा चार दिवस प्रयत्न करतेय. एक शब्द आठवत नाही, दादा. मी ओळी मोजत होते.

तू माझं छापलेलं वाचलं नाहीस आणि मी तुझं लिहिलेलं वाचलं नाही. आणि जग म्हणतं, काय सुंदर जुळलंय.

आता कामाचं. गुरुवारी स्क्रिप्ट घेऊन इकडे ये. मोबाईल घरी ठेवून ये. माफी मागू नकोस, ती छापून झाली आहे आणि हजारोंनी तिला शिव्याही दिल्या आहेत, पुष्कळ झालं. फाँटचा राग माझ्या मनात आहे आणि राहणार आहे, आपण जेवायला बसलो तरी तो ताटावर असेल. ते धरूनच ये.

येण्याआधी पलंगाखालचा एक तरी गठ्ठा सोड. तिसऱ्या अंकापासून वाच. मग तू माझ्यासमोर बसायचं, आणि मी कापलेला प्रत्येक शब्द डोळ्यांनी बघायचा. नको वाटला तर नको म्हणायचं. मीही विचारल्याशिवाय पेन्सिल टेकवणार नाही. शुक्रवारी खिडकीबाई दोन शब्द बोलायला लागली, की कंपनी म्हणेल आमच्यामुळे आणि पोरं म्हणतील आमच्यामुळे. म्हणू देत. ती तुझ्याकडे राहील.

पण या वेळी कापलेलं फेकायचं नाही. जे फुग्यात मावणार नाही, ते मला वेगळ्या कागदावर लिहून द्यायचं, हवं तेवढं लांब. बाबांच्या घड्याळाचं आधी.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापा. आई म्हणतेय, त्याला लिही की जेवताना ताटाकडे बघ.

हे पत्र मी हाताने लिहिलंय. यातले कुठलेही दोन ‘ळ’ सारखे नाहीत, बघ.

तुझी
बारकी