घळीकडे तोंड

२ तारीख, सोमवार
पोचले एकदाची! ही वही लेकीने दिली. म्हणाली, आई, जे बोलायचं ते इथे लिही, तिथल्या लोकांचं डोकं खाऊ नकोस. निघताना कार्टी माझ्याच चपला घालून सोडायला निघाली होती. लहानपणापासूनची खोड. दारातच काढायला लावल्या. जागा मात्र झकास. खाली नदीची घळ, दोन्हीकडे उंच कडे, मधे हिरवंगार पाणी. लोक गाड्या रस्त्यावर लावतात आणि पायऱ्या उतरून चालत बघायला जातात. खालची वाट पाण्यातून आहे, म्हणून वर माझ्याकडे बूट-चपला काढायच्या आणि गमबूट घालायचे. आले की उलट. झालं माझं काम. राहायला मागची खोली. कुणाची कटकट नाही.

३ तारीख, मंगळवार
आधीच्या म्हातारीने काम दाखवलं. माणूस घळीकडे बघत चपला काढतो, म्हणून चपलांचं तोंड घळीकडे राहतं. तो खाली गेला की जोड उचलायचा आणि तोंड रस्त्याकडे करून ठेवायचं. का, विचारलं. म्हणाली, पाणी बधिर करतं गं बाई. वर येतात तेव्हा त्यांना काही उमजत नाही, चपला नेतील तिकडे जातात. मला हसू आलं. वय झालं तिचं. मीही माझ्या चपला दारात काढल्या, गमबूट घातले आणि लागले कामाला.

६ तारीख, शुक्रवार
मरणाची गर्दी. वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला. चपला वळवणं उद्यापासून बंद. आपलं घर कुठे आहे ते शहाण्या माणसाला कळतं.

७ तारीख, शनिवार
एक टोपीवाले मास्तर वर आले. गमबूट काढले, आपले बूट घातले आणि परत पायऱ्या उतरले. अहो मास्तर, रस्ता इकडे, म्हणून ओरडले. वळूनही बघितलं नाही. इथला वॉचमन म्हणाला, टोपी विसरले असतील. टोपी डोक्यावरच होती. मग एक जोडपं तसंच गेलं. तेव्हा धावत बाकीचे जोड वळवले. मास्तरांची बायको गाडीपाशी उभी आहे. अजून उभीच आहे.

८ तारीख, रविवार
वॉचमन खाली शोधून आला. कुणी नाही. मास्तरांच्या गमबुटात हात घातला, तर बोटं बधिर. अजून तशीच आहेत. म्हातारीला बोलावलं. आली, फळीवरच्या चपला बघितल्या, गेली. शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर बरं होतं.
आता सगळे जोड वळवते. सगळे नीट घरी जातात. मला वाईट वाटायला हवं. काहीच वाटत नाही.

१० तारीख, मंगळवार
लेक आली. न सांगता. मी मागे गमबूट धूत होते. वॉचमनला म्हणाली, आईला सांगू नका, वर आले की दचकवते. आणि उतरली.
तिच्या चपला वळवल्या. तोंड रस्त्याकडे. परत जाऊन बघितलं. रस्त्याकडेच आहे. बसलेय दारात. येईल. घरी जाईल.

तोच दिवस
आली. हाक मारली. ओ नाही. स्वतःच्या चपलांकडे बघितलंच नाही. माझ्या घातल्या — दारातल्या — सकाळी काढल्या तशाच होत्या, तोंड घळीकडे. माझ्या कोण वळवणार —
दंड धरला. हातात काही आहे असं वाटलंच नाही. निसटली. पायऱ्या उतरली.
रडू येत नाही.
तिच्या चपला इथे आहेत. वळवल्या. आता तोंड घळीकडे. माझे पायही बधिर झालेत कधीचे. नेतील. जरा घट्ट होतात, पण