अंगणातली राख

३ फेब्रुवारी
कचरा जाळायच्या प्लांटवर मी भट्टी सांभाळतो. शाळा आठवीत सुटली. पण राखेतलं मला कळतं तेवढं आमच्या इंजिनियरलाही कळत नाही. मागचं अंगण सगळं चिखल. त्यावर प्लांटची बारीक राख पसरली, पाणी मारलं, धुमसाने ठोकली. खर्च शून्य. मास्क, बूट, डगला घरी न्यायला बंदी आहे, म्हणून नेत नाही. राख नेऊ नये असं नियमांत कुठेही नाही. सगळे नियम वाचलेत. दोनदा.

९ फेब्रुवारी
थोरली राहायला आली. सहावा महिना. डॉक्टर म्हणाले, अंगावर मांस नाही, अंडी द्या. घरच्या कोंबड्या आहेतच. दिवसभर राखेत लोळतात, टोचतात. मुक्या जिवाला चांगलं बरोबर कळतं. थोरली म्हणते, बाबा, एक पुरे. मी समोर उभा राहून दोन खायला लावतो.

१५ फेब्रुवारी
शेजारचा शिंपी भांडायला आला. म्हणे, वाळत घातलेलं गिऱ्हाइकाचं कापड करडं होतं. त्याला दोन पोती फुकट देऊ केली. तर म्हणाला, स्वतःच्या घशात घाला. जळतो. माझा जन्म भट्टीपुढे गेला, जळणारा लगेच ओळखू येतो.

१८ फेब्रुवारी
थोरलीने विचारलं, प्लांटवर मास्क लावता, मग इथे का नाही? समजावलं : तिथे इन्स्पेक्शन असतं, इथे कोण येणार तपासायला? उठून आत गेली. पटलं असावं.

२ मार्च
तपासायला आले! प्रदूषणाच्या सरकारी ऑफिसातून एक बाई. अंडी हवीत म्हणाल्या, अंगणातली मातीही. माती कशाला? अंगण करायची कृती हवी असणार, दुसरं काय. सगळ्यांत मोठी अंडी निवडून, ओल्या फडक्याने पुसून दिली. बाई म्हणाल्या, पुसू नका हो. नीटनेटकेपणाची सवय दिसत नाही. बरोबर चाळलेल्या राखेची बरणीही दिली, झाकणावर माझं नाव लिहून. सत्कार झालाच तर चार शब्द बोलावे लागतील. उद्यापासून तयारी.

२४ मार्च
रिपोर्ट आला. राखेतलं विष अंड्यांत उतरलंय. चरबीत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं निघत नाही. मर्यादेच्या कितीतरी पट. ही म्हणाली, झालं समाधान? थोरलीने विचारलं, मी कधीपासून खातेय? म्हटलं, आलीस त्या दिवसापासून, एकही दिवस चुकवला नाही. ती मोरीत जाऊन ओकायला लागली. आता ओकून उपयोग नाही, हे शास्त्रीय कारणासकट सांगितलं. संध्याकाळी जावई येऊन घेऊन गेले. जाताना तिने उंबऱ्यावर चपला झटकल्या. मी दिलेला अंड्यांचा डबा विसरली.

११ एप्रिल
डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेली माणसं आली. अंगण हातभर खणलं. कोंबड्या मारून पिंपांत भरल्या. ठोकणी इतकी पक्की होती की दोन कुदळी मोडल्या. हे मुकादमाने स्वतः कबूल केलं. शिंपी खिडकीतून बघत होता. नाकाला कापड बांधून.

दुपारी पिंपं जाळायला आमच्याच प्लांटवर आली. माझ्या पाळीत. मीच घातली.

२० मे
थोरलीला मुलगी झाली. ही पहिल्या दिवसापासून तिकडेच. जावयांचा फोन : या, पण आंघोळ करून, नवे कपडे घालून. हात लावायचा नाही. बाळाचं म्हणाल तर डॉक्टर आत्ता काही सांगत नाहीत. मोठी होईपर्यंत तपासत राहायचं.

सगळं केलं. शिवाय प्लांटवरून मास्क आणला. नोकरीत पहिल्यांदा नियम मोडला. मास्क लावून दारात उभा राहिलो. आत ही नातीला मांडीवर घेऊन बसलेली. मला दिसली ती एक मूठ फक्त.

थोरली दारापर्यंत आली. म्हणाली, म्हणजे मास्क घरी आणता येत होता, बाबा.

म्हटलं, येत नाही, पण नातीसाठी आणला.

तिने दार लावून घेतलं. बराच वेळ तिथेच होतो. दार चांगलं बसवलंय सुताराने. कुठेही फट नाही.