चेअरमनचं वजन उतरंना

तीर्थस्वरूप रामकिसन मामांना घाटनांदूरहून भाचा बन्सीचा वाकून नमस्कार. कारखान्यावर तुमची तब्येत बरी असंल, गुडघ्याचं दुखणं थांबलं असंल. इकडं विहिरीनं तळ दाखवलाय, टँकर दोन दिवसांआड येतो, पण मामी ठणठणीत आहे. मी दोन दिवसांसाठी आलो होतो, त्याला तिसरा महिना लागला. (आष्टीला माघारी घरी निघालोच होतो, पण स्टँडवर एक माणूस घड्याळं उघडून बसलेला, ती बघता बघता गाडी गेली.)

पत्रास कारण तुमचे दोन ससे. चेअरमन आणि सेक्रेटरी ही नावं तुम्हीच ठेवली, आणि दोघंही नावाला जागले. दुष्काळात गवत मिळंना म्हणून मामी त्यांना दूध सोसायटीतली म्हशीच्या पेंडीची गोळी घालायची, वर भाकरी, वर गूळ. सेक्रेटरी निदान हलतो तरी. चेअरमनला स्वतःचं बूडसुद्धा चाटता येईना. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, असाच राहिला तर हा उन्हाळा काढायचा नाही. ते ऐकून मामीची तव्यावरची भाकरी करपली, म्हणून हे काम मी अंगावर घेतलं.

मला वाटलं, यात काय अवघड? दोघांना एकादशी धरायला लावली. तर मामी म्हणाली, “उपाशी जिवाला फराळ नको व्हय रे?” आणि शेंगदाणे, रताळं, केळं पुढं ठेवलं. सोसायटीच्या काट्यावर चेअरमन छटाकभर वाढला. (काटा कावून डुलतो ते बघायला मी त्याचं बूड उघडलं, तेवढ्यात दूध घेऊन आलेल्या बाया लई बोलल्या.) मग मी फराळाशिवाय कडक उपास ठरवला. डॉक्टरांच्या कानावर गेलं तसे ते घरीच आले. “मारतो का बे त्याला? सशाचं पोट दिवसभर रिकामं राहिलं की आतडं बंद पडतं!” त्यांचं सांगणं असं की गोळी रोज थोडी थोडी कमी करायची, गोड बंद, अंगणात मोकळं सोडायचं, आठवड्यानं वजन बघायचं, आणि कोरडं गवत खाईल तेवढं घालायचं. मला याचंच नवल वाटतंय मामा, बारीक व्हायला दिवसभर खायचं!

पण गवत आणायचं कुठून? सोसायटीच्या चारा छावणीवर गेलतो. तिथं वाटप करणारा शहादेव म्हणाला, “दावणीला किती?”

“दोन.”

“म्हशी का बैल?”

“ससे.”

लाइनीतला एक म्हातारा हसता हसता खालीच बसला. शहादेव म्हणाला, “महिन्यात पहिल्यांदा हसली बे ही छावणी.” तेव्हापासून मी तिथं शेण काढतो आणि तो रोज कवळभर गवत देतो.

तीन आठवडे झाले. सेक्रेटरी उतरला, चेअरमन जागचा हलंना. गवत तेच, अंगण तेच, मग असं कावून? आधी मला शेजारच्या भामाबाईचा संशय आला. शेवटी एका दुपारी कणगीमागं लपून बसलो. मामी पत्र वाचून दाखव म्हणते आहे, म्हणून इथंच थांबतो. थोरांना नमस्कार.

तुमचा बन्सी

ता. क. वरचं मामीला वाचून दाखवलं, लई हसली. कणगीमागून जे दिसलं ते हे, आणि हे तिला दाखवलेलं नाही. घरात आम्ही दोघंच, पण मामी भाकरी तिघांची थापते. तुमचं ताट वाढून ठेवते, माशा बसायला लागल्या की चेअरमनपुढं सरकवते आणि म्हणते, “खा रे, तुझ्या धन्याचं हाय.” गोळी कमी कशी करायची ते डॉक्टरांनी सांगितलं, हे कसं कमी करायचं ते त्यांना विचारायला माझी जीभ रेटंना. दिवाळीपासून तुम्ही आला नाहीत. एकदा येऊन तुमचं ताट तुम्हीच संपवा.

ता. क. दुसरा. चार दिवस मामीची पाठ वळली की ते ताट मीच ओढून संपवतोय. चेअरमन छटाकभर उतरला. पण मामा, तुमच्या ताटात ती तूप फार वाढते. लवकर या, माझ्या विजारीची नाडी पुरंना.